सवय सुटलेल्या हातांनी भेटीचं पुस्तक बांधताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात असताना पुस्तकबांधणीचा छोटा कोर्स केला होता, त्यानंतर १५ वर्षं सुईदोऱ्याला हात लावला नाही. आता आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला नात्यातल्या ४० जणांच्या हस्ताक्षरातलं पुस्तक द्यायचंय, तेही कातडी बांधणीत, वर सोनेरी नाव. दोन महिने हातात आहेत. कातडं कुठून घ्यावं आणि कसं तासावं, असं तुम्ही विचारलंय.

कातड्याबद्दल सांगतोच, पण ती यातली सगळ्यात सोपी अडचण आहे, कारण ती टाळता येते. न टाळता येणारी अडचण वेगळी. कोरी वही बिघडली तर कागद गेला, दोरा गेला, संपलं. इथे पानांवर माणसांची अक्षरं असणार. त्यात कुणी आत्या ऐंशीच्या घरात असतील, कुणी परदेशात. ती पानं पुन्हा लिहून मिळणार नाहीत. म्हणून कामाचा क्रम असा लावायचा, की परत फिरवता न येणारी प्रत्येक गोष्ट (छेद, शिवण, गोंद) आधी त्याच मापाच्या कोऱ्या पुस्तकावर होऊन गेलेली असेल. बाकी सगळे निर्णय, कातड्याचासुद्धा, यातूनच निघतात.

कातडं आत्ता नको. बांधणीला वनस्पतींच्या सालीत कमावलेलं शेळीचं कातडं लागतं. दुकानात सहज मिळतं ते बहुतेक क्रोमवर कमावलेलं, पर्स-जॅकेटचं. ते लवचीक असतं, पण नीट तासलं जात नाही आणि दुमडल्यावर घडी धरत नाही. शिवाय कडा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत तासाव्या लागतात. सुरी जरा जास्त लागली की भोक, कमी लागली की कोपऱ्यावर उंचवटा. सुटलेल्या हातात हे कसब सगळ्यात शेवटी परत येतं. शिवण आणि घडी लवकर परत येतात, गोंदाचा अंदाज त्यानंतर. दोन महिन्यांत तुम्ही कापडी बांधणी उत्तम करू शकता, कातडी बांधणी जेमतेम. आजोबांच्या हातात उत्तम कापडी पुस्तक जावं, असं माझं मत.

आणि कापड साधं कशाला? खणाचं कापड घ्या, किंवा घरातल्या जुन्या साडीचा चांगला भाग. त्याची तयारी वेगळी करावी लागते, ती पुढे सांगतो.

आधी कागद. इथे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत: माणसं कशाने लिहिणार, सगळ्यांपर्यंत तुमचा कागद पोचणार का, आणि काम पावसाळ्यात आहे की कोरड्या दिवसांत. शाईच्या पेनाने लिहिणारी मंडळी असतील तर हातकागद विकत घेण्याआधी एका कोपऱ्यावर लिहून बघा. साइझिंग (शाई शोषली जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ किंवा लेप) कमी असलेल्या कागदावर शाई फुटते आणि मागच्या पानावर उतरते. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून हेच काम करते. तिथे किंवा कुठल्याही चांगल्या कागदाच्या दुकानात 'लिहिण्यासाठीचा, साइझ केलेला' असं स्पष्ट सांगून मागा. १२० ते १५० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरे. त्याहून जाड कागद श्रीमंत दिसतो, पण पुस्तक उघडताना पानं ताठ उभी राहतात. पेन एकाच प्रकारचं ठरवून सगळ्यांना द्या, पिगमेंट शाईचं. साध्या जेलची शाई ओलाव्याने पसरते, आणि पुढे गोंदाचा ओलावा येणारच आहे.

हातकागदाचा ताव साधारण २२ × ३० इंचांचा मिळतो. त्याचे चार भाग केले की ११ × १५ इंचांचे तुकडे पडतात, आणि ते मधोमध दुमडले की साडेसात इंच रुंद, अकरा इंच उंच पान मिळतं. कडा सारख्या करून ३७५ × २७५ मिमी धरू, म्हणजे एक पान १८७ × २७५. हे माप हाताने लिहिलेल्या मजकुराला छान बसतं. साच्यावर एकेक उचललेल्या हातकागदाला ठळक ग्रेन (तंतूंची एक ठरावीक दिशा) नसते, त्यामुळे तो कुठल्याही दिशेने दुमडता येतो. यंत्रावरचा कागद घेतलात तर मात्र ग्रेन कण्याला, म्हणजे पुस्तकाच्या शिवलेल्या पाठीला, समांतरच हवी. तपासायला पट्टी कापून एका बाजूने ओली करा. ज्या अक्षाभोवती ती गुंडाळली जाते, ती ग्रेनची दिशा. बाजारातला ए-फोर बहुधा लांबीच्या दिशेने ग्रेन असलेला असतो. तो दुमडून ए-फाइव्ह केला की ग्रेन आडवी पडते, कण्याजवळ पानं लाटांसारखी होतात आणि पुस्तक मिटून राहत नाही. सवय सुटलेल्यांची पहिली पुस्तकं बहुतेक याच कारणाने बिघडतात आणि दोष गोंदाला दिला जातो.

आता एक हिशेब नीट समजून घ्या, कारण तो चुकला तर पानं लिहून झाल्यावरच कळतं. मधोमध दुमडलेल्या तुकड्याला आपण जोडपान म्हणू. त्यात दोन पानं, चार पृष्ठं. चार जोडपानं एकात एक घातली की आठ पानांचा फर्मा. पण जोडपानाची दोन पानं फर्म्यात शेजारी येत नाहीत. सगळ्यात बाहेरच्या जोडपानावर पहिलं आणि आठवं पान असतं, त्याच्या आत दुसरं-सातवं, मग तिसरं-सहावं, आणि फक्त मधल्या जोडपानावर चौथं-पाचवं शेजारी येतं. म्हणजे एका माणसाला अख्खं जोडपान दिलंत तर त्याचं पत्र अर्ध्यात तुटून सहा पानांनी पुढे जाईल.

यावर उपाय असा: एका माणसाला एक पान, दोन्ही बाजू. आणि एका जोडपानावरची दोन माणसं एकाच घरातली. काका-काकू पहिलं-आठवं, दुसऱ्या घरातली दोघं भावंडं दुसरं-सातवं. एकाने खाडाखोड केली तर पुन्हा लिहायचं काम त्याच घरातल्या दुसऱ्यावर येतं, मुंबईतल्या चुकीची शिक्षा नागपूरला जात नाही. ४० माणसांची ४० पानं, पुढे शीर्षकाची आणि अनुक्रमाची चार, शेवटी कोरी चार: एकूण ४८ पानं, म्हणजे २४ जोडपानं, सहा फर्मे. त्यासाठी सहा ताव. अस्तराच्या (मुखपृष्ठाच्या आतून चिकटणाऱ्या) कागदासाठी एक आणि बिघडण्यासाठी दोन धरून नऊ ताव आणा, एकाच गठ्ठ्यातले. हातकागदाची छटा गठ्ठ्यागणिक बदलते.

प्रत्येक पानाच्या कण्याकडच्या खालच्या कोपऱ्यात फिक्या पेन्सिलीने फर्मा आणि पान लिहा: ३-६ म्हणजे तिसरा फर्मा, सहावं पान. कण्याकडे २५ मिमी, बाकी तिन्ही बाजूंना २० मिमी जागा सोडायला सांगा. शब्दांत सांगून कुणी सोडत नाही, म्हणून पेन्सिलीने चौकटच आखून द्या आणि नंतर खोडा. पोस्टाने पाठवताना गुंडाळी नको, पुठ्ठ्यात सपाट.

परदेशातली मंडळी त्यांच्या कागदावर लिहून पाठवणार असतील तर त्यांचं पान एकटं असेल. ते कागदाच्या पट्टीला जोडून घ्यायचं: तुमच्याच कागदाची २५ मिमी रुंद पट्टी, तिच्या कडेला जेमतेम ४ मिमी खळ (शिजवलेल्या मैद्याची, कृती पुढे आहे) लावून पान चिकटवायचं आणि पट्टीची उरलेली बाजू घडीतून फर्म्यापलीकडे काढायची, म्हणजे ती शिवणीत सापडते. अशी पानं एका फर्म्यात दोनपेक्षा जास्त नकोत, कणा फुगतो. याच कारणाने मजकुराच्या पानांवर फोटो चिकटवू देऊ नका. दहा फोटो चिकटले की पुढची कड कण्यापेक्षा जाड होते आणि पुस्तक कायमचं जबडा उघडून बसतं. फोटो हवेच असतील तर तेवढ्याच जाडीच्या कोऱ्या पट्ट्या कण्यात शिवून घ्याव्या लागतील. तुमच्या हातात असलेल्या वेळेत मी हे टाळेन.

पानं लिहायला गेली की परत यायला महिना जातो. तो महिना तुमच्या सरावाचा. पहिल्याच आठवड्यात कागद कापून, दुमडून वाटून टाका. कापायला जवळच्या प्रेसमधलं कटिंग मशीन वापरा. घरी स्टीलच्या पट्टीने २४ तुकडे सारखे कापणं सवयीच्या हातालाही जड जातं. शिवल्यानंतर पुस्तक कटिंगला नेऊ नका, तिथे मजकुराची कड गेली तर गेली. आतली जोडपानं एखाद मिलिमीटर बाहेर डोकावतील, ती तशीच राहू द्या. हातकागदाला ते शोभतं.

सरावाचं पुस्तक त्याच मापाचं, त्याच पानसंख्येचं, फक्त स्वस्त कागदाचं. ते अर्धवट सोडायचं नाही, मुखपृष्ठ चढवून, दाबून, वाळवून पूर्ण करायचं. निम्म्या चुका शेवटच्या तासात होतात आणि अर्धवट सरावात तो तास येतच नाही.

शिवण सुती फितींवर करा, तीन फिती, १२ मिमी रुंद. भोकांसाठी पुठ्ठ्याचा एक साचा कापून घ्या. वरून मोजत: १२, ५२, ६६, १३०, १४४, २०८, २२२, २६१ मिमी. पहिलं आणि शेवटचं भोक केटल टाक्याचं (एक फर्मा आधीच्या फर्म्यात टोकाशी अडकवणारी गाठ), मधल्या तीन जोड्यांतून फिती जातात. वरची बाजू १२ आणि खालची १४ ठेवली आहे ती मुद्दाम: फर्मा उलटा ठेवला गेला तर भोकं जुळत नाहीत आणि चूक लगेच कळते. टोच्याने भोक पाडताना फर्मा उघडा धरा आणि टोक बरोबर घडीतून बाहेर आलं का ते प्रत्येक भोकाला बघा. एक मिलिमीटर बाजूला गेलं की शिवणीत कागद तिथेच फाटतो.

दोरा लिननचा, १८/३ जाडीचा. नाही मिळाला तर मजबूत सुती दोरा, मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढून. नायलॉन किंवा पॉलिएस्टर नको. ताण पडला की कागद फाटतो, दोरा तसाच राहतो. एका वेळी मीटरभर घ्या, संपला की कण्याच्या बाहेरच्या बाजूला गाठ मारून पुढचा जोडा. ओढायचं ते नेहमी शिवणीच्या दिशेने, घडीला समांतर. स्वतःकडे आडवं ओढलं की घडी चिरते, आणि हा धडा सरावाच्या पुस्तकावर शिकलेला बरा.

दोऱ्याची जाडी कण्यात साठत जाते. अर्ध्या मिलिमीटरला थोडा कमी दोरा आणि सहा फर्मे म्हणजे कणा पुढच्या कडेपेक्षा साधारण अडीच मिलिमीटर जास्त भरतो. प्रत्येक फर्मा शिवून झाला की हाडाच्या पट्टीने दाबत गेलात तर त्यातलं बरंचसं बसतं. उरलेलं चालतं, सपाट कण्याला तेवढं फुगीरपण दिसत नाही. पण म्हणूनच मुखपृष्ठाची मापं शिवण झाल्यावरच घ्या, आधी कागदावर काढलेली वापरू नका.

शिवलेल्या गठ्ठ्याला पुढेमागे अस्तराचं जोडपान कडेला ३ मिमी खळ लावून जोडा. मग कणा आणि वरची कड टेबलावर आपटून सारखी करा, कण्यावर पातळ गोंद, त्यावर दोन्ही बाजूंना ३० मिमी बाहेर येईल अशी मलमल, त्यावर जाड कागदाची कण्याएवढीच पट्टी. रात्रभर वाळू द्या.

गोंदाबद्दल. घरची खळ आणि पांढरा गोंद निम्मे-निम्मे मिसळून वापरा. ५० ग्रॅम मैदा ३०० मिली पाण्यात तासभर भिजवा, मंद आचेवर सतत ढवळत दहा मिनिटं शिजवा, पारदर्शक झाली की मलमलीतून गाळा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. नुसता पांढरा गोंद इतक्या लवकर धरतो, की सवय सुटलेल्या हाताला कापड सरळ करायला वेळ मिळत नाही. खळ मिसळली की दोन-तीन मिनिटं जास्त मिळतात. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. ती पाळू नका. मोरचूद विषारी आहे, आणि तांब्याचा अंश कागदाच्या ऱ्हासाला हातभार लावतो. लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घाला, फार तर.

आता खणाचं कापड. ते तसंच पुठ्ठ्यावर चिकटवलं तर गोंद विणीतून वर येतो आणि डाग पडतो. म्हणून मागे कागद लावून घ्यायचा. आधी कापड धुवा, म्हणजे कांजी निघेल, आटायचं तेवढं आटेल आणि रंग जातो का तेही कळेल. रंग जात असेल तर ते कापड सोडा. काचेवर किंवा सनमायकावर कापड उलटं पसरा, पाण्याचा फवारा मारून ताणे-बाणे सरळ करा. पांढऱ्या टिश्यू कागदाला पातळ खळ लावा, तो उचलून कापडावर ठेवा आणि मधून बाहेर ब्रशने हवा काढा. रंगीत पतंगाचा कागद नको, रंग सोडतो. वाळलं की कापड पत्र्यासारखं सपाट उचललं जातं. ५० × ३८ सेंमीचा तुकडा करा, मुखपृष्ठाला ४४ × ३२ लागतो. रेशमी साडीवर पाण्याचे डाग राहू शकतात, म्हणून आधी छोटा तुकडा करून बघा. काठ कण्याशेजारी उभा घ्यायचा की पुढच्या कडेला, हे कापण्याआधी ठरवा, कारण उजवा-डावा इथे हमखास गोंधळतो.

पुठ्ठे अडीच मिलिमीटरचे, ग्रेन कण्याला समांतर. मापं अशी: उंची २८१ (पानापेक्षा वर-खाली तीन-तीन मिमी जास्त), रुंदी १८४. कण्याची पट्टी म्हणजे शिवलेल्या गठ्ठ्याची कण्याकडची जाडी अधिक दोन पुठ्ठे. तुमच्या कागदावर ती सतराच्या आसपास यावी, पण मोजा. पट्टी आणि पुठ्ठा यांच्यात साडेसात मिलिमीटर मोकळी जागा. ही जागा कमी पडली तर मुखपृष्ठ उघडताना पहिलं पान ओढलं जातं, जास्त झाली तर पुस्तक कव्हरात लोंबतं. कोपऱ्यावर कापड तिरकं कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून चार मिलिमीटर सोडा. कमी सोडलं तर कोपऱ्यात पुठ्ठा उघडा पडतो.

नावासाठी सोन्याच्या मुलाम्याच्या नादी लागू नका. गरम हत्यार, योग्य तापमान, एकदाच मारायचा ठसा: त्याला वेगळा सराव लागतो. पुठ्ठ्यावर नावाच्या चिठ्ठीएवढा चौकोन सुरीने हलका कापून वरचा अर्धा मिलिमीटर थर सोला, कापड चढवताना तो खळगा हाडाच्या पट्टीने दाबून घ्या आणि त्यात चिठ्ठी बसवा. सोनेरीच हवं असेल तर लग्नपत्रिका छापणारे फॉइलचा ठसा चिठ्ठीच्या कागदावर मारून देतात. चिठ्ठी बिघडली तर दुसरी, कव्हर बिघडत नाही.

मुखपृष्ठ चढवताना गठ्ठा कव्हरात ठेवा, तिन्ही बाजूंचं अंतर सारखं करा. अस्तराच्या दोन पानांमध्ये रद्दी कागद सरकवा, वरच्या पानाला आणि मलमलीला मधून बाहेर गोंद लावा, रद्दी काढून टाका आणि कव्हर एका झोकात मिटा. मिटल्यावर उघडून बघायचा मोह होतो. एकदाच, थोडंसं, तेही सुरकुती दिसली तर. ओलं अस्तर कव्हर उघडताना ताणलं जातं आणि मग सरळ बसत नाही. दुसरी बाजू तशीच. अस्तराखाली दोन्हीकडे प्लॅस्टिकचा कागद ठेवा, नाहीतर ओलावा लिहिलेल्या पानांत जातो. सांध्याच्या खाचेत दोन्ही बाजूंना विणकामाची सुई ठेवून वर प्लायवूड आणि वजन. शिकंजा नसेल तर चार सी-क्लॅम्प किंवा भरलेले डबे चालतात, वजन सगळीकडे सारखं पडलं पाहिजे इतकंच.

किमान २४ तास, पावसाळ्यात तीन दिवस, आणि रोज प्लॅस्टिक बदलून कोरडं. पंख्याखाली किंवा उन्हात वाळवलं की पुठ्ठे वाकतात. बाहेरचं कापड वाळताना पुठ्ठ्याला बाहेर ओढतं, आतलं अस्तर आत. दोन्ही ओढी दाबाखाली सावकाश वाळल्या की तोल साधतो. पुठ्ठा थोडा आतल्या बाजूला वाकला तर चिंता नको, काही दिवसांत बसतो. बाहेर वाकला तर अस्तर पातळ पडलं, किंवा त्याची ग्रेन चुकली.

वेळापत्रक म्हणून: पहिला आठवडा कागद कापून वाटणं. दुसरा ते चौथा, कोरं पुस्तक पूर्ण. पाचवा, कापडाला कागद लावणं आणि चिठ्ठी छापून घेणं. सहाव्याच्या शेवटी पानं गोळा, उशीर करणाऱ्यांना तारीख आठवडाभर अलीकडची सांगा. सातवा, शिवण आणि मुखपृष्ठ. आठवा मोकळा. तो मोकळाच ठेवायचा, त्यात पेटी करायला घेऊ नका. पुठ्ठ्याची पेटी हे पुस्तकाएवढंच काम असतं आणि त्यातली मापं जास्त काटेकोर. त्याऐवजी सुती कापडाचा ७० सेंमीचा चौकोनी रुमाल शिवून घ्या आणि पुस्तक त्यात बांधून द्या. पोथ्या अशाच बांधत, आणि मोडी दफ्तरांच्या गठ्ठ्यांना आजही रुमालच म्हणतात.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुस्तक एकदा नीट उघडून घ्या. कणा टेबलावर टेकवून दोन्ही कव्हरं खाली सोडा, मग पुढून चार पानं, मागून चार पानं असं मध्यापर्यंत हलक्या हाताने दाबत या. थेट मधून उघडलं तर त्याच जागी कण्याला कायमची खूण पडते. आणि कार्यक्रमाच्या दिवशीच एखादं पत्र आलं, येईलच, तर ते चिकटवू नका. शेवटची चार कोरी पानं त्यासाठीच आहेत, त्यांना तिथेच लिहायला बसवा.